इंजिनावरचं पीठ

“कोरडं आहे,” बॉनेटखाली बॅटरीचा झोत मारत गुणवंतराव म्हणाले. “पुरं कोरडं.”

आतल्या इंजिनावर तांदळाचं पीठ भुरभुरलेलं होतं. काल त्यांनी इंजिन डिझेलनं धुतलं, फडक्यानं पुसलं आणि वरून पीठ चाळलं. मग त्यांची सून करिष्मा गाडी आलापल्लीपर्यंत फिरवून आली. कुठून तेल झिरपत असतं, तर तिथलं पीठ भिजून काळं पडलं असतं. पंख्यासमोरचं थोडं उडालं होतं, बाकी सगळं जसंच्या तसं पांढरंशुभ्र.

“अनारशाचं पीठ गेलं, तेलाचा पत्ता नाई,” ओसरीवरून त्यांच्या पत्नी कमळाबाई म्हणाल्या. “आता काय देऊ? साखर?”

“चहा दे.”

अहेरीच्या एसटी आगारात गुणवंतरावांची उभी हयात बसगाड्यांखाली गेली होती. लग्नाच्या पंगतीत बसलेला हा माणूस रस्त्यावरच्या बसचा आवाज ऐकून घास हातात धरून थांबायचा. ही गाडी मात्र त्यांच्या ओळखीतली नव्हती. लाल, एवढीशी, टर्बोवाली, आणि पाय ठेवला की उधळणारी. मुलानं, प्रणितनं, ती नागपूरहून हौसेनं आणली होती. कमळाबाई तिला खोंड म्हणायच्या. मागच्या पावसाळ्यात मेंदूत ताप जाऊन प्रणित गेला आणि खोंड अंगणात उभं राहिलं.

करिष्मा नर्स होती. तिची चंद्रपूरला बदली झाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. खोली बघायला ती गाडीनं गेली, तेव्हा गोंडपिपरीजवळ तेलाचा लाल दिवा लागला. इंजिनात तेल जवळजवळ नव्हतंच, आणि गाडीखाली एक थेंब नाही.

“नाई सुधरली तर राहू द्या मामाजी,” ती म्हणाली होती. “मी बसनं जाईन. गाडी तुमच्यापाशीच राहील.”

ते ऐकून गुणवंतरावांना बरं वाटलं. आणि बरं वाटलं, याची लगेच लाजही वाटली. बिघाड सापडला नाही तर पोराची गाडी दारात राहणार होती. पण तेल गेलं कुठं, हा प्रश्न त्यांना जेवू देईना.

बाहेर गळत नाही. इंजिन थंड ठेवणारं पाणी पाहिलं, त्यातही तेल नाही. म्हणजे ते आतल्या आत जळत होतं. पण काऊन?

“करिष्मा, तुझ्या दवाखान्यातला रबरी हातमोजा आहे का?”

तिनं पिशवीतून एक काढून दिला. गुणवंतरावांनी तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि तिथं तो ताणून बसवला. “आता चालू कर.”

करिष्मा आत बसली. सीट अजून प्रणितच्या लांब पायांच्या मापानं मागे सरकवलेलीच होती, म्हणून ती पाठीशी उशी घेऊन गाडी चालवायची. त्या सीटला घरात कुणी हात लावला नव्हता. बोलणंही कधी झालं नव्हतं.

इंजिन सुरू झालं आणि हातमोजा फुगू लागला. एकेक बोट उठलं, मग पाचही बोटं ताठ उभी राहिली.

“अव्वो,” कमळाबाई ओसरीवरून उतरून आल्या. “हात काऊन वर करून राह्यली हे?”

“श्वास कोंडला तिचा!” गुणवंतरावांचा चेहरा जत्रेतल्या पोरासारखा खुलला. “पोटातली वाफ बाहेर निंगाची नळी बुजली. कोंडलेली वाफ तेलाले टर्बोत ढकलते, अन् ते धुरासंगं जळून जाते.”

इंजिन बंद करून त्यांनी नळी उपसली. आतून फिक्या लोण्यासारखा गोळा निघाला. तेल आणि पाणी घुसळलेलं. बोटावर घेऊन त्यांनी तो निरखला आणि त्यांचं हसू विरलं. इंजिन रोज थोडंसंच चालवून, तापायच्या आत बंद केलं, की आतला ओलावा उडून जात नाही. मग असं लोणी धरतं.

रोज सकाळी बुद्धवंदना झाली की ते अंगणात येत, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवत, चहा संपेपर्यंत इंजिन चालू ठेवत आणि बंद करत. आगारात पहाटे बस अशीच सुरू करायची, तेव्हा कुठं ब्रेकची हवा भरायची. तीच सवय हाताला होती.

“मीच केलं हे,” ते म्हणाले. “एसटीले चालते ते. हिले दूर फिरवून आणाले पाह्यजे होतं. मी नुसतंच उठवलं अन् निजवलं. पोराची गाडी मीच बिमार केली.”

करिष्मानं स्टिअरिंगवरून हात फिरवला.

“मले अर्धवट झोपेत आवाज येत जाय,” ती म्हणाली. “वाटे, हे ड्युटीवर चालले. म्हणून तुमाले कधी बंद करा म्हटलं नाई जी.”

कमळाबाईंनी सैल पडलेला हातमोजा काढला आणि उगाच घडी घालून पदराच्या टोकात बांधला.

नळी पेट्रोलनं धुऊन बसवली, तेल बदललं. दुसरा हातमोजा लावला, तर तो आत ओढला जाऊन गप्प बसला. रविवारी सासरा-सून दोघं आष्टीपर्यंत जाऊन आली. तेल भरलं होतं तेवढंच राहिलं.

सोमवारी सामान गाडीत गेलं. करिष्मा उशी ठीक करत होती, तेवढ्यात गुणवंतराव दारापाशी आले.

“उतर जराशी. लांबचा रस्ता आहे. क्लच पुरा दबाले पाह्यजे.”

त्यांनी उशी काढली. खाली वाकून सीटखालचा दांडा ओढला. तो धुळीनं घट्ट झाला होता. दुसऱ्यांदा जोर लावल्यावर सीट खट्‌कन पुढे आली.

“बस आता.”

करिष्मा बसली. पाय नीट पोचले. तिनं डोळे पुसले आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

आवाज आलापल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. तो स्वच्छ होता. मग गुणवंतरावांनी गाडी उभी असायची त्या जागी सवयीनं वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती. उशी काखेत धरून ते तिथंच उभे राहिले.