पन्नास कुंड्यांची अट

झाडं देऊन टाकायची होती, म्हणून दाजी झाडं विकत घ्यायला निघाले. ऐकणाऱ्याला हा हिशेब उलटा वाटेल. मलाही वाटला, आणि मी तर तीस वर्षं सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. उलटे हिशेब मला नवे नाहीत.

झालं असं. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, चष्म्याचं दुकान चालवून निवृत्त झालेले. त्यांचं तळमजल्यावरचं भाड्याचं घर मालकाने विकलं आणि दीड महिन्यात जागा रिकामी करायला सांगितलं. दोघं लेकीकडे जाणार होती, पाचव्या मजल्यावर. लेक गुणी, जावई त्याहून गुणी, पण गॅलरीसमोर चार हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत. ऊन तिथे पोस्टमनसारखं येतं, दारातूनच डोकावतं आणि निघून जातं. आणि दाजींच्या परसात होती पंचेचाळीस बोन्साय. सगळ्यात जुना फायकस अडतीस वर्षांचा, उंची गुडघ्याएवढी.

बातमी फुटल्यावर बोन्साय मंडळातली माणसं सांत्वनाला येऊ लागली. सांत्वन करणाऱ्याचं तोंड बघू नये, नजर बघावी. बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर चहा घेता घेता म्हणाले, "फार वाईट झालं हो. तो फायकस आता कुठे ठेवणार?"

"आणि बाकीची चव्वेचाळीस?" ताईने विचारलं.

"ती काय वहिनी, कुणीही नेईल."

कुणीही नेईल म्हणजे कुणीही नेणार नाही, हे कळायला गोदामात नोकरी करावी लागत नाही. आलेल्या प्रत्येकाला तोच फायकस हवा होता. बाकीच्यांकडे ते असे बघायचे, जसं लग्नघरात नवरीच्या मावसबहिणींकडे बघतात.

तेवढ्यात सरकारी बागेचं पत्र आलं. बागेत बोन्सायचं नवं दालन बांधलं होतं आणि एखाद्या घरचा अख्खा संग्रह त्यांना हवा होता. पत्र वाचताना दाजींचा चष्मा दोनदा घसरला. अटी तीनच. पन्नासपेक्षा कमी कुंड्या चालणार नाहीत. प्रत्येक झाड बोन्सायच्या कुंडीतच हवं, नर्सरीची पिशवी धरणार नाहीत. आणि एका कुंडीत झाडं कितीही असोत, ती एकच धरली जाईल.

"पन्नासच का?" मी बागेत फोन करून विचारलं.

"मांडण्या पन्नासांच्या करून झाल्यात," तिकडचा कारकून म्हणाला. "जागा रिकामी दिसली की वरचे विचारतात."

म्हणजे पाच कमी. पाच कुंड्यांपायी पंचेचाळीस झाडं भंगारात जाणार होती. दाजींनी कॅलेंडरवर पत्रातल्या तपासणीच्या तारखेभोवती गोल केला आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

पहिली फेरी नर्सरीत. वाटेत मी त्यांना पढवलं होतं, "हवं त्या झाडाकडे बघायचं नाही. शेजारच्याकडे बघायचं." दाजींना ते जमणार नव्हतं. फाटक उघडल्याबरोबर ते तीन फायकसांपुढे जाऊन असे उभे राहिले, जशी हरवलेली पोरं सापडलीत.

नर्सरीवाला लगेच ताठ झाला. "बारा वर्षांची आहेत."

"बारा?" मी म्हटलं. "खोडावर दोरीचा वळ अजून ताजा आहे. चार वर्षांची असतील फार तर."

"साहेब, घ्यायचंय कुणाला, तुम्हाला का त्यांना?"

"मला," दाजी म्हणाले. "तिन्ही. आणि कुंड्या पण. आजच."

'आजच' हा शब्द बाजारात काढायचा नसतो. नर्सरीवाल्याने आतून तीन उथळ कुंड्या आणल्या, एकीच्या काठाचा टवका उडालेला, आणि तिघींना नव्याचा भाव लावला. दाजींनी घासाघीस केली नाही. मी केली, पण ज्याचा माणूस आधीच पाकीट काढून उभा आहे त्याच्या घासाघिशीला काय अर्थ?

मंडळातल्या दातांच्या डॉक्टरने चौथं झाड दिलं, बोगनवेलीचं खोडकं, कुंडीसकट. फुकट. पण देताना विचारलंच, "समजा बागेने नाहीच घेतलं, तर फायकसचा शब्द माझ्याकडे, काय?" दाजींनी शब्द दिला. नंतर कळलं, तोच शब्द ते मॅनेजरलाही देऊन बसले होते.

आता खरी अडचण. नर्सरीतली तिन्ही पिशवीतून काढून कुंडीत बसवायला हवी होती, आणि बाहेर भर उन्हाळा. या दिवसांत मुळांना हात लावायचा नाही, हे दाजींनी मंडळातल्या प्रत्येक नवशिक्याला बोट नाचवून सांगितलेलं. एकाने ऐकलं नाही तर महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते. आता तेच दाजी मोरीत बसून, खिडकीला ओलं पोतं लावून, तिन्ही झाडांची मुळं छाटत होते. ताई दारात उभी.

"अहो, तुम्हीच ना सांगायचे?"

"मी ज्यांना सांगायचो, त्यांच्यापुढे तारीख नव्हती," दाजी म्हणाले.

पाचव्यासाठी आम्ही घड्याळजीच्या बायकोकडे गेलो. घड्याळजी मंडळाचे जुने सभासद, जाऊन चार महिने झालेले. त्यांच्या गच्चीवर एक जुनिपर उरला होता, जुन्या तपकिरी कुंडीत, हिरवागार. कुंडी इतकी देखणी, की दाजींनी चष्मा पुसून ती पुन्हा पाहिली.

"न्या हो भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी रोज पाणी घालते. ते घालायचे तसंच. सकाळी बादलीभर."

"बादलीभर?" दाजींनी विचारलं.

"हो. कमी नको पडायला."

मंडळातलं शेंबडं पोरही सांगेल, जुनिपर मेला तरी त्याला ते कळत नाही. मुळं कुजलेली असतात आणि पाला महिना महिना हिरवा राहतो. खात्री करायची तर खोडाची साल नखाने जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर संपलं. दाजींचा अंगठा खोडाकडे गेला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. सालीवर टेकला. आणि परत आला. त्यांनी रुमालाने हात पुसला आणि म्हणाले, "छान ठेवलंय वहिनी तुम्ही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जुनिपर रिक्षात चढला. पन्नासावा नग हातात असताना माल तपासायला कुणाचा हात वळतो? माझाही वळला नाही.

पुढचे बारा दिवस घरात पन्नास कुंड्या होत्या. ताई त्या दिवसांत गाणं गुणगुणायची. दाजी मात्र जुनिपरपाशी जायचे, उभे राहायचे आणि हात पाठीमागे बांधून परत यायचे. तपासणीला चार दिवस उरले तेव्हा ताईनेच केलं. भाजी निवडता निवडता उठली, सुरीच्या टोकाने साल उचलली आणि तशीच बसून राहिली.

"काय गं?" दाजींनी आतून विचारलं.

"येऊ नका. पाहायचं नाही तुम्हाला, माहीत आहे मला."

तपकिरी. आणि त्याच संध्याकाळी नर्सरीतल्या तिघांपैकी टवक्याच्या कुंडीतला फायकस पानं टाकून मोकळा झाला. अठ्ठेचाळीस.

ते चार दिवस कुणावर येऊ नयेत. पहिले दोन दिवस दाजी दारोदार हिंडले. मॅनेजरच्या घरी गेले, तर मॅनेजर म्हणाला, "एक देतो की, पण फायकसच्या बदल्यात." दातांचा डॉक्टर परगावी. नर्सरीला कुलूप. तिसऱ्या दिवशी दुपारी परसात आले ते दगडावर बसले, आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना झाडांकडे पाठ करून बसलेलं पाहिलं.

मग मी बोललो. बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं आजही कधी कधी वाटतं. पण मला आकडे दिसतात, माणसं मागाहून.

परसात ताईचं एक जंगल होतं. एका उथळ, लांबट कुंडीत एल्मची सात झाडं. बावीस वर्षांपूर्वी काडीएवढी रोपं तिने लावली होती. आता त्यांची मुळं एकमेकांत गुंतून एकच गादी झाली होती. सातांना ती नात्यांनी हाक मारायची. मधला उंच तो सासरा, त्याला टेकलेली सासू, कडेला वाकलेला जावई, त्याच्यामागे दोन जावा, पाठ फिरवून. तरीही ते जंगल अटीप्रमाणे एकच नग.

"दोन काप दिले," मी म्हटलं, "तर एकाच्या तीन कुंड्या होतात. अठ्ठेचाळीसातून एक गेली, तीन आल्या. पन्नास. दोन कुंड्या रिकाम्या आहेतच, जुनिपरची आणि त्या फायकसची. तिसरी जंगलाची स्वतःची."

दाजी उठून उभे राहिले. "या उन्हात? बावीस वर्षांच्या मुळांत करवत? तू गोदामात पत्र्याचे डबे मोजलेस रे आयुष्यभर!"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मग परवा अठ्ठेचाळीस दाखवा."

ताईने आमच्याकडे बघितलंही नाही. आत गेली, मुळांची करवत घेऊन आली आणि जंगलापुढे फतकल मारली.

"अगं, थांब," दाजी म्हणाले. "मी करतो."

"तुमचे हात बघा आधी. धरा घट्ट. सासूला धरा, ती हलते."

करवत मुळांत शिरली तेव्हा ओल्या दोरखंडासारखा आवाज आला. ताई कापता कापता बोलत होती, आमच्याशी नाही. "जावई आणि जावा एकीकडे. काय भांडायचं ते भांडा आता. तू सासऱ्याजवळच राहा, तुला दुसरीकडे करमायचं नाही." दुसरा काप अर्ध्यावर आला आणि ती थांबली. "कुणाचं मूळ कुठलं तेच कळत नाही हो," ती म्हणाली. दाजींनी मान हलवली. मग तिने डोळे न मिटता तो काप पुरा केला.

तपासणीला बागेच्या अधीक्षक बाई ट्रकच घेऊन आल्या. मोजून झालं की लगेच भरायचं, असा त्यांचा खाक्या. कारकून खडूने कुंडीकुंडीवर खूण करत गेला. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. शेवटची कुंडी जावयाची आणि दोन जावांची. पानं कडेने वळली होती.

बाई वाकल्या. "हे जगेल?"

"जगेल," दाजी म्हणाले.

"नाही जगणार," ताई म्हणाली.

दाजींनी डोळे मिटले. कारकुनाने खडू हवेत धरला. मी मनातल्या मनात एकोणपन्नास लिहून टाकले.

"बाई," अधीक्षक म्हणाल्या, "मला आजचा आकडा लिहायचा असतो. आज जिवंत आहे का?"

"आज आहे."

"मग पन्नास." आणि त्यांनी लिहिलं.

दाजी दगडावर बसले आणि तोंडावर रुमाल धरला. मी सही कुठे करायची ते दाखवलं. कामगार कुंड्या उचलू लागले, ताई त्यांच्यामागून ओरडत, "खोडाला धरू नका! खालून, खालून!" फायकस चढला, बोगनवेल चढली, जंगलाचे तिन्ही तुकडे वेगवेगळ्या कोपऱ्यांत चढले.

ट्रकचा मागचा पत्रा लागला तेव्हा ताईने सहज विचारलं, "बाग रोज उघडी असते ना?"

"सोमवारी बंद," कारकून म्हणाला.

"मग सोमवारी पाणी कोण घालतं?"

कारकुनाने बाईंकडे बघितलं. बाईंनी कागदाकडे बघितलं. इतके दिवस आम्ही सगळे पन्नासला लटकलो होतो आणि हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नव्हता, ना त्यांच्या, ना आमच्या. दाजींच्यासुद्धा नाही. "माळी असतात आळीपाळीने..." बाई म्हणाल्या. "सोमवारचं बघतो आम्ही."

"या उन्हात एवढ्याशा कुंडीला एक दिवस म्हणजे काय ते ठाऊक आहे तुम्हाला?"

"बघतो म्हटलं ना."

ताईने पदर खोचला. अडुसष्टाव्या वर्षी तिने ट्रकच्या पायरीवर पाय ठेवला आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसली. ड्रायव्हर पलीकडे सरकला.

"आजी, उतरा."

"नाही."

"अगं, खाली ये," दाजी म्हणाले, पण त्या आवाजात जोर नव्हता. खरं तर ते ट्रकच्या पुढे जाऊन उभे राहिले होते, अगदी बंपरला चिकटून.

"सोमवारी आम्हाला आत सोडायचं, असं लिहून द्या," ताई म्हणाली. "मग उतरते."

"असा नियम नाही बाई," अधीक्षक म्हणाल्या.

"पन्नासचा होता ना? मग हा पण करा."

बाईंनी घड्याळात बघितलं, दाजींकडे बघितलं, मग कारकुनाकडून कागद मागितला आणि ट्रकच्या बॉनेटवर ठेवून उभ्या उभ्या लिहायला लागल्या. लिहून कागद खिडकीतून वर दिला. ताईने तो हात लांब करून, डोळे बारीक करून वाचला आणि परत खाली धरला.

"दोन वेळा म्हणून लिहा," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ."