कालवणाचा निळा डबा

हळद.
घासून घासून पांढरी पडलेली कड.
निवटीच्या कालवणाची वाफ.
मायक्रोवेव्हची टिंग.
डॉक्टरांचं टेबल.
कपड्यांचे चिमटे.

मित्रांनो, हे सगळं माझंच आयुष्य. एका जुन्या, निळ्या, प्लास्टिकच्या डब्याचं. झाकणाचा एक कान तुटलाय आणि आतून मी कायमचा पिवळा झालोय.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. तापलेला साचा आणि लगेच गार पाणी, एवढंच. आठवतं ते कळव्याच्या सगुणाचं घर. सगुणा कोळीण. मुलगी वर्षाली कॉलेजात जायला लागली तेव्हा सगुणाने मला आणलं. निवटीचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशाचं, कालवण शेगडीवरून उतरलं, की रटरटत असतानाच माझ्यात. वाफेने झाकण वर उडायचं, सगुणा ते कोपराने दाबून बसवायची आणि म्हणायची, "गरमच भरायचा, तवाच पोरीला गरम मिलतो."

काय दिवस होते ते! डबा उघडला, की वर्षालीच्या मैत्रिणी पोळ्या घेऊन धावायच्या.

वर्षाली लग्न करून वर्तकनगरला गेली. नवरा मयूर, दोघांच्याही नोकऱ्या. मी मात्र दोन घरांचा झालो. दर रविवारी कळव्याहून भरून जायचो आणि येताना कधी चार लिंबं, कधी मूठभर शेंगदाणे घेऊन यायचो. रिकामा डबा परत द्यायचा नसतो ना! उरलेलं कालवण वर्षाली माझ्यासकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची. माझ्याइतका लाडका डबा अख्ख्या ठाण्यात नसेल, असं मला वाटायचं.

वर्षालीची पाळी कधीच वेळेवर नसायची. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले. दोन्ही वेळा मी तिच्या उशाशी होतो, काठोकाठ भरलेला.

तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा ती डॉक्टर सुहासिनींकडे गेली. पिशवीतून फाइल काढताना तिने मला टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी फाइल बाजूला सारली आणि मला उचललं.

"यात गरम भरता?"

"उकळतं. आईच्या हातचं."

"हे बघ वर्षाली, तुझं आधी जे झालं ते या डब्यामुळे झालं, असं कुणीच सांगू शकणार नाही. पण गरम, तेलकट, आंबट पदार्थ प्लास्टिकमध्ये ठेवले, की त्यातली काही रसायनं अन्नात उतरतात. शरीरातली संप्रेरकं म्हणजे निरोपे. पाळी, गर्भ, पोटातल्या बाळाची वाढ, सगळं त्यांच्या निरोपावर चालतं. ही रसायनं मध्येच खोटे निरोप देतात. बाळ तर एवढंसं असतं. टाळता येतं तेवढं टाळायचं."

मित्रांनो, मला वाटत होतं मी फक्त कालवण पोचवतो.

वर्षालीने घरी येऊन आईला फोन लावला. डॉक्टर काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं. पलीकडून सगुणाचा आवाज आला, "म्हंजे माज्याच हातानं गो?"

"आये, तसं नाही म्हणाल्या त्या."

पण त्या रविवारी कालवण आलं नाही. पुढच्याही नाही. इकडे वर्षालीच्या पोटात पाणी टिकेना. मयूरने हॉटेलं पालथी घातली. वास आला तरी ती तोंड फिरवायची. तिचं वजन उतरत चाललं. शेवटी ती फोनवर रडलीच.

"आये, मला तुझं निवटीचं कालवण पाहिजे."

"कशात देऊ माजे बाय? मना आता डब्याची भीती वाटते."

"टोपासकट आण!"

आणि सगुणा आली. मांडीवर स्टीलचा टोप, वर फडकं बांधलेलं, कळव्याहून अख्खी रिक्षा करून. दारातच सांगू लागली, "तुमचा वॉचमन इचारतो, मावशी, मासली इकायला आलाव काय? मी बोल्ली, इकायला न्हाय रे मेल्या, पोरीला भरवायला!"

वर्षाली त्या दिवशी दोन ताटं भात जेवली. मी वरच्या फळीवरून बघत होतो. मला कुणी खाली घेतलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

श्रियाचा जन्म नऊ महिने भरून झाला. माझ्यात कपड्यांचे चिमटे आले. श्रिया रांगायला लागली आणि एका दुपारी तिने मला गाठलं. चिमटे सांडले, माझी कड तोंडात धरली आणि नव्या दातांनी चावू लागली. इतक्या वर्षांत कुणी मला इतकं जवळ घेतलं नव्हतं. सगुणा ओट्यापासून धावत आली, मला हिसकावलं, तिचं तोंड पुसलं आणि हातात गाजर दिलं. श्रिया भोकाड पसरून रडली. मला मात्र सुटल्यासारखं झालं.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, घरात माझ्यासारखा कुणी असेल, तर त्यात चिमटे ठेवा, बटणं ठेवा. गरम जेवण स्टीलमध्ये, काचेत, मातीच्या भांड्यात वाढा. पोटुशी बाई आणि तान्ही पोरं माझ्यापासून लांब राहू देत.

मला विकत आणलं तेव्हा माझ्या बुडाला इंग्रजीत छापलेला एक कागद चिकटलेला होता, 'गरम पदार्थ भरू नयेत', आणि डबा स्वच्छ दिसावा म्हणून सगुणाने खोबरेल चोळून चोळून तो दोन दिवसांत काढून टाकला होता.