पूर्ण शिष्यवृत्तीची जागा

गणित विभागाच्या ग्रंथालयाचे कुलूप विभागप्रमुखांनी स्वतः उघडले आणि सकाळच्या निवड परीक्षेत पहिली आलेल्या मुलीला आधी आत जाऊ दिले. "बघ निवांत. मी खाली तुझ्या वडिलांशी दोन शब्द बोलतो," असे म्हणून ते वृद्ध गृहस्थ कठड्याला धरून जिना उतरू लागले.

खोली लहान, पण मोठ्या निगुतीने राखलेली होती. प्रत्येक पुस्तकाला जाड कागदाचे वेष्टन होते आणि त्यावर एकाच वळणदार अक्षरात नाव लिहिलेले होते. मुलगी एका टोकापासून पाहत निघाली. पहिल्या कपाटातील पुस्तके तिने शाळेत असतानाच संपवली होती. दुसऱ्यातील बहुतेक तिच्या परिचयाची होती. तिसरे कपाट अर्धेच भरलेले होते, आणि त्याच्यापुढे भिंत होती. जरा वारा यावा म्हणून तिने खिडकीची कडी ओढली. रंगाच्या थरांखाली ती चौकटीशी एकजीव झाली होती.

या महाविद्यालयाने गुणवत्तेवर सर्व काही देऊ केले होते: शुल्क, वसतिगृहातील खोली, दोन वेळचे जेवण, आणि तेही पदवी हाती पडेपर्यंत; पण अशी जागा एकच होती. दूरच्या मोठ्या विद्यापीठाने अर्धेच शुल्क माफ केले होते. तेवढी सवलतही दरवर्षी वर्गातल्या वरच्या विद्यार्थ्यांत टिकले तरच पुढे चालू राहणार होती. त्या वर्गात तिच्या तोडीचे अनेक असणार होते, काही तिच्याहून सरस. घरच्यांना धास्ती होती ती त्या सरस मुलांची, आणि तिला ओढ होती तीही त्यांचीच. तरीही वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने आपल्या मनाला या जागेसाठी जवळजवळ राजी केले होते.

सवयीने ती टेबलाशी बसली आणि सकाळच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मनात पुन्हा मांडू लागली. मधल्या एका पायरीवर ती थांबली. जे सिद्ध करायला हवे होते ते तिने तिथे सरळ गृहीत धरले होते. पुढचे सगळे त्या एका गृहीतावर उभे होते. विभागप्रमुखांनी ती उत्तरपत्रिका तिच्यासमोर दोनदा वाचली होती, पूर्ण गुण दिले होते, आणि सहकाऱ्यांना बोलावून दाखवली होती.

इथे ती प्रत्येक परीक्षेत पहिली येईल, चुकली तरी पहिलीच येईल, आणि आपण चुकलो हे तिला सांगणारे कोणी असणार नाही. नकार द्यायचा, पण सौम्यपणे, असे ठरवून ती खाली आली.

कार्यालयाबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसलेली दुसऱ्या क्रमांकाची मुलगी आणि तिची आई तिथे नव्हत्या. आत वडील पाण्याचा पेला हातात धरून प्रसन्न बसले होते. खुर्च्या-सोफे मढवणारा तो कारागीर माणूस; बसल्या जागीसुद्धा त्यांचा अंगठा खुर्चीच्या शिवणीवरून फिरत होता.

"या, आकडेबाई," ते म्हणाले. दुकानातल्या लोकांनी ठेवलेले हे नाव आता घरातही रुळले होते. "झालं तुझं काम."

"तुमचे बाबा भारी आहेत हं," कार्यालयातल्या बाई हसत म्हणाल्या. "सरांनी विचारलं, मग नाव पक्कं धरून चालू ना? तर हे म्हणतात, कापा. सर बिचारे नुसते बघतच राहिले. म्हणाले, काय कापू?"

"आमच्यात तसंच असतं, बाई. गिऱ्हाइकाला शेवटचं विचारायचं, कापू? तो म्हणाला कापा, की कात्री लागली. मग रंग आवडला नाही, बायको नको म्हणते, असलं काही चालत नाही."

"सर पण तसेच. लगेच उठून बाहेर गेले आणि त्या दुसऱ्या मुलीला स्वतः सांगून आले, की जागा गेली. मुलगी उठून चालू लागली हो. आईचेच डोळे भरले."

मुलीला वाटले, कोणीतरी बाहेरून कडी लावली. ज्यांनी लावली ते दोघेही भले होते, म्हणून दार ठोठावायचीही सोय नव्हती.

ती वडिलांच्या मागोमाग फाटकापर्यंत आली. तिथे वडील थांबले.

"तोंड का असं? घरी जाऊन एखाद्या शेठासारखा रुबाब करायचा सोडून."

"बाबा, मला इथे यायचं नाही."

"हे आत्ता सांगतेस?"

"सांगायलाच खाली आले होते. तोवर तुम्ही कापा म्हणून मोकळे."

"मग काय म्हणायला हवं होतं? फुकट मिळतंय ते नको, म्हणून?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "तिकडे अर्धंच. वर ती नंबराची अट. एखाद्या वर्षी मागे पडलीस तर?"

"तर पडेन."

"पडेन म्हणे. आणि मग?"

तिने पेपरातली ती पायरी त्यांना सांगितली. गणित नव्हे, फक्त एवढेच की तिथे चूक होती आणि ती कोणाला दिसली नाही.

"सरांनाही नाही?"

"नाही."

"ते तर त्यातलेच ना?"

"माणूस फार चांगला आहे, बाबा."

"ते मी विचारलं नाही."

वडील फाटकाच्या गजाला धरून उभे राहिले. दुकान काढल्यापासून त्यांनी दिलेला शब्द कधी मागे घेतला नव्हता. गिऱ्हाइके त्यांच्याकडे येत ती त्याच भरवशावर. शेवटी त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली. "थांब इथेच," म्हणाले, आणि ते आत गेले.

परतले तेव्हा त्यांची मान खाली होती.

"त्या दुसऱ्या मुलीला बाईंनी फोन लावला. अजून बसथांब्यावरच होती, परत येतेय."

"सर रागावले?"

"रागावले असते तर बरं झालं असतं. पेपरातल्या चुकीचं सांगितलं, तर म्हणाले, मुलीचं खरं आहे, तिनं तिकडेच जावं. मग विचारलं, चूक कुठली? मला कुठून सांगता येणार? जा, तू सांगून ये." थोडे थांबून त्यांनी जोडले, "आणि तिकडे गेलीस की नंबर सोडायचा नाही. शब्द मोडलाय मी."

ती जिना चढून गेली. ग्रंथालयात विभागप्रमुख तिची उत्तरपत्रिका समोर पसरून, चष्मा कपाळावर सरकवून, ओळीवर बोट ठेवीत वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. शेजारची खुर्ची मात्र तिच्यासाठी ओढून दिली.

"तिसऱ्यांदा वाचतोय," ते म्हणाले. "सापडत नाही. कुठे आहे, मुली?"

तिने त्या ओळीवर बोट ठेवले. त्यांनी ती ओळ वाचली, मग तिच्या आधीची, मग पुन्हा तीच.

"इथे? इथे तर सगळं ठीक दिसतंय."

"मी सांगते, सर," ती म्हणाली, आणि त्यांच्यापुढचा कोरा कागद तिने स्वतःकडे ओढला. बंद खिडकीपलीकडून, खालच्या बाकावर बसलेल्या वडिलांचा खोकला दबका ऐकू येत होता. तिने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आणि प्रत्येक ओळीला थांबून ती त्यांच्याकडे पाहू लागली. कारण त्यांना ते कळल्याखेरीज तिला तिथून उठता येणार नव्हते.