माझ्याकडे चालतंय

घरात त्याला सगळे संशोधक म्हणत, आणि त्यात कौतुक औषधालाही नव्हतं. आजवर त्याने एकच शोध लावला होता: पडद्यावरची अक्षरं हवी तेवढी मोठी करून दाखवणारा ‘भिंग’ नावाचा छोटा प्रोग्रॅम. तो फुकट होता आणि हौशी मंडळींनी चालवलेल्या एका भांडारातून लोकांच्या कॉम्प्युटरवर पोचायचा.

भांडाराची नवी आवृत्ती आली, की प्रत्येकाने आपला प्रोग्रॅम नव्या साधनांनी पुन्हा बांधून पाठवायचा, असा तिथला नियम. संशोधकाने पाठवला, पण टेबलाखालच्या जुनाट मशीनवर बांधून. त्या मशीनवर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी होती. बायकोला वाटायचं ती तिच्यासाठी आहे. खरं तर ती त्याने स्वतःसाठीच चिकटवली होती. एक गोष्ट अपडेट केली की दहा कोसळतील, या विचारानेच त्याची गाळण उडायची.

भांडाराने त्याचं हे बांधलेलं पॅकेज नाकारलं. साधनं कालबाह्य आहेत, नव्या आवृत्तीत हे सुरूच होणार नाही, असं तिथल्या तपासनीस बाईंनी सभ्यपणे कळवलं. त्याने बाणेदार उत्तर धाडलं, ‘माझ्याकडे चालतंय,’ आणि तेच पॅकेज पुन्हा पाठवलं. ते पुन्हा परत आलं. मग भांडाराच्या नावाने बोटं मोडत तो स्वस्थ बसला.

अशात ताईचा फोन आला. ताई प्रूफरीडर. नजर अधू, त्यामुळे सगळं काम भिंगावर. भाचीने ताईच्या कॉम्प्युटरवर भांडाराची नवी आवृत्ती टाकली आणि भिंग गायब झालं. शुक्रवारी प्रुफं गेली नाहीत, तर प्रकाशक पुढचं काम दुसऱ्याला देणार होता. ताई सहसा घाबरत नसे. आज घाबरली होती.

तरी त्याच्या तोंडून निघालंच, “माझ्याकडे चालतंय गं.”

“मग तूच वाच,” ताई म्हणाली. “अक्षर न् अक्षर. वेलांट्यांसकट.”

पुस्तक सांडपाण्याच्या नळजोडणीवर होतं. भाचीने पाठवलेली पानं उघडून तो फोनवर वाचू लागला. ‘गळती’ची वेलांटी पहिली की दुसरी, असं ताईने विचारलं आणि स्वारी अडखळली. गटाराच्या झाकणापर्यंत पोचता पोचता त्याच्या नाकी नऊ आले. मग मात्र त्याला लाज वाटली. त्याला पानभर वाचून घाम फुटला होता, आणि ताईचं तर पोटच त्यावर होतं.

त्याने चिठ्ठी फाडली आणि मशीनवर नवी साधनं चढवली. दहा गोष्टी कोसळल्या नाहीत. एकच कोसळली, तीही त्याच्याच जुन्या चुकीमुळे. ती निस्तरून पाठवलेलं पॅकेज भांडाराने मुकाट घेतलं.

गुरुवारी ताईचा फोन आला. भिंग सुरू झालं होतं, अक्षरं टपोरी दिसत होती, कामही उरकत आलं होतं. संशोधकाची छाती फुगली.

“भिंगाच्या पहिल्याच पडद्यावर तू ‘दुरूस्ती’ लिहिलंयस,” ताई म्हणाली. “रु ऱ्हस्व हवा. केवढा मोठा दिसतोय.”

“माझ्याकडे...” एवढं बोलून त्याने जीभ चावली आणि मशीन सुरू करायला तो टेबलाखाली वाकला.