जिवंत बरणी

हॉटेलचा फ्रिज बंद पडावा, आणि तोही नेमका आजच! हिमायतनगरच्या त्या हॉटेलात बिअर तिथंच बनायची आणि ती बनवायचा अमरदीप. साखरेची दारू करणारं, सॅकरोमायसीस असल्या भारदस्त नावाचं यीस्ट त्यानं वर्षभर जोपासलं होतं. आता त्यातलं एवढं बरणीभरच उरलं होतं. हे मेलं तर पुढची बिअर नाही, बहुतेक नोकरीही नाही. म्हणून त्यानं बरणी मलकपेठला घरी आणली आणि फ्रिजमध्ये दह्यामागं दडवली.

"लॅबचं आहे, आई. आत जिवंत जीव आहेत. हात लावू नक्को," त्यानं बजावलं.

सरुबाईंना लॅब म्हटलं की पुरे. "माझा अमर लसी बनवतो," असं त्या अख्ख्या बुद्धविहारात सांगत फिरायच्या, आणि हे दिवटे चिरंजीव मूग गिळून बसलेले! सांगणार तरी कसं? त्याचे वडील सूर्यभान शिंदी पिऊन पिऊन चाळिशीतच गेले होते. तेव्हापासून घरात रोज संध्याकाळी पंचशील म्हटलं जाई, आणि दारूला न शिवण्याचं पाचवं शील सरुबाई जरा मोठ्यानंच म्हणत.

अमरदीप अंघोळीला गेला खरा, पण जीव थाऱ्यावर नव्हता. आतला वायू निघावा म्हणून झाकण सैल ठेवलंय, वास सुटला तर? अंगावर दोन मग पाणी ओतून तो तसाच बाहेर आला. फ्रिजचं दार सताड उघडं. सरुबाई सिंकपाशी, बरणी त्यांच्या हातात.

"तुझ्या बापाच्या तोंडाला आस्साच वास यायचा," त्या म्हणाल्या. "लस हाय व्हय रं ही?"

"बिअरचं आहे, आई. मी तेच बनवतो."

सरुबाईंनी बरणी सिंकवर तिरपी धरली.

"आई, नक्को! जिवंत आहे ते!"

त्यांचा हात थांबला. "खरंच जिवंत हाय?"

"हौ, आई."

जीव न घेण्याचं शील पहिलं. सरुबाई मुंगीवरही पाय पडू देत नसत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि नेमकं तेच आपण वापरलं याची त्याला भयंकर लाज वाटली. सरुबाईंनी बरणी सरळ केली, झाकण होतं तसं सैल लावलं आणि ती परत फ्रिजमध्ये ठेवली. सुटलो, असंही त्याला वाटून गेलं.

मग त्यांनी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली. तो सवयीनं शेजारी येऊन उभा राहिला.

"खाली बस," त्याच्याकडं न बघता त्या म्हणाल्या. "पण आजपासून तू चारच म्हण."

चौथ्यानंतर तो गप्प झाला. पाचवं सरुबाईंनी एकटीनंच म्हटलं, आणि आज त्यांना ते मोठ्यानं म्हणता आलं नाही.