स्वच्छ आवाज

कागदाच्या कारखान्यात तिला सगळे कानवाली म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिनसलंय ते सांगायचं, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाकीचे इंजिनिअर आधी मीटर लावत आणि मग गुपचूप तिला हाक मारत. ती ऐकायला लागली की सगळे गप्प. आवाज स्वच्छ असला तर ती यंत्राच्या अंगावर थाप मारायची आणि नसला तर हात वर करायची, की लगेच यंत्र बंद. कौतुक उदंड होतं, पण त्या कौतुकाने तिचं डोकं पोखरलं होतं. घरी जेवताना तिला कारखान्यातले रोलर ऐकू येत. उशीला कान टेकला की उशीतही रोलर. लेक शेजारी बसून काहीबाही सांगत असायची आणि हिच्या कानात आपली घरघर.

शेवटी तिने राजीनामा दिला आणि फायनान्सच्या मास्टर्सला नाव घातलं. कालच्या पोरांच्या बाकावर बसून घसारा, जोखीम, परतावा असले शब्द घोकले. तेवढा काळ डबे, शाळा, आजारपणं सगळं नवऱ्याने निस्तरलं, तेही तोंडातून चकार शब्द न काढता. त्याने एकदा तरी कुरकुर केली असती तर तिला जरा हलकं वाटलं असतं.

नोकरी मिळाली ती आजारी कंपन्या विकत घेणाऱ्या एका फंडात. पायाखाली गालिचा, दार लावलं तरी आवाज नाही. पहिल्या दिवशी ती खुर्चीत नुसती बसून राहिली. सुटले बाई एकदाची, असं मनाशी म्हणाली. सुटतेय कसली!

एका सकाळी तिच्या बॉस मॅडम समोर येऊन बसल्या.

"तुमचा जुना कारखाना विकायला निघालाय. मालकाच्या हिशेबात यंत्रांची किंमत शून्य आहे, घसारा केव्हाच पुरा झालाय. खरंच भंगार असतील तर आपण नुसती जमीन घेऊ आणि कारखाना बंद करू. चालण्यासारखी असतील तर चालू कारखाना घेऊ."

"आणि चालवणार कोण?" तिने भीत भीत विचारलं.

"कोण म्हणजे? तुम्ही! काही वर्षं तरी तिथेच बसावं लागेल. यंत्रंही कळतात आणि हिशेबही, असं माणूस दुसरं आहे कुठे? म्हणून तर तुम्हाला घेतलं. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही या भानगडीत पडणारच नाही, जमीन घेऊन मोकळे होऊ."

ज्या पदवीच्या जोरावर ती बाहेर पडली, तीच आता मानगूट धरून तिला आत ढकलत होती.

कारखान्याच्या गेटवर फोरमनकाका उभेच होते. कामाला लागली तेव्हा स्क्रूड्रायव्हर हातात देऊन ऐकायला त्यांनीच शिकवलं होतं.

"आली रे आली, कानवाली आली! आता आम्हाला घोर नाही. परकं कुणी आलं असतं तर कागद बघून आम्हाला घरी बसवलं असतं."

"काका, अजून काही ठरलं नाहीये."

"तू ऐक गं आधी," ते म्हणाले आणि तिचाच जुना स्क्रूड्रायव्हर त्यांनी पुढे केला. मुठीला तिने गुंडाळलेली निळी चिकटपट्टी अजून तशीच होती.

पहिल्या रोलरपाशी तिने डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा तिला बिघाड हवा होता. जराशी खरखर कर गं बाई, तिने यंत्राची मनोमन विनवणी केली, म्हणजे मी खोटं न बोलता सुटेन. पण आवाज कसा, तेल घातल्यासारखा. दुसरा तसाच. त्याच्या पुढचाही. राहता राहिला कोपऱ्यातला मोठा पंप. तो कायमचा रडका. तिची सगळी आशा आता त्याच्यावर होती.

तिने कान लावला. पंप गुणी मुलासारखा चालला होता.

"हा सुधारला कसा?" ती जवळजवळ ओरडलीच.

"जाताना तूच नव्हतं का सांगितलंस, शाफ्ट सरळ करून घ्या म्हणून? घेतला!" काका खुशीत म्हणाले.

तिला हसावं की रडावं कळेना. तिच्या मागे पाळीवरची सगळी माणसं जमली होती, गप्प. नुसता हात वर केला असता तरी पुरे होतं. कागदावर शून्य होतंच, कानवालीच्या कानावर शंका कोण घेणार? तिला त्या गालिच्याची आठवण आली. आता कुठे लेकीचं बोलणं तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू यायला लागलं होतं. मोकळा हात खिशातच राहिला. कुणीतरी खोकलं आणि लगेच गप्प झालं.

मग तिने हात बाहेर काढला आणि पंपाच्या अंगावर थाप मारली.

एकच गलका झाला. कुणी शिट्टी मारली. काका डोळे पुसायला पाठमोरे झाले. डोळे तिचेही भरले होते, पण त्याचं कारण या गर्दीत कुणाला सांगणार?

तिने स्क्रूड्रायव्हर काकांपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"असू दे तुझ्याकडेच. आता परत कशाला देतेस?"

पर्समध्ये तो मावेना. तसाच हातात धरून ती मॅडमना फोन लावायला आवारात आली. दार तिने नीट लावून घेतलं होतं, तरी रोलर ऐकू येतच होते.