बाटलीतला लाल रंग

माझी भाची कॅन्सर पाळते. लोक मांजर पाळतात, हिनं प्रयोगशाळेत स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी पाळल्यात. त्यांना खाऊपिऊ घालायचं, ऊब द्यायची आणि मग मी घेते तेच औषध त्यांच्यावर सोडायचं. औषधाला पुरून उरणाऱ्या पेशी हिला हव्या होत्या, त्यांच्यात कुठलं जनुक बदललंय ते शोधायला. पेशी मेल्या की बाईसाहेबांचं तोंड एवढंसं.

माझी गाठ काढली तेव्हा तिच्यावर हार्मोनचे रिसेप्टर सापडले होते. म्हणजे हार्मोन मिळालं की ती फोफावणार. गाठ परत येऊ नये म्हणून रोज एक गोळी. ती त्या रिसेप्टरवर ठाण मांडते, हार्मोनला जागाच देत नाही. पण माझ्या अंगाची नुसती लाहीलाही, आणि सांधे असे धरलेले की विचारू नका.

एका संध्याकाळी भाची केक घेऊन नाचतच आली.

"मावशी, जगल्या! औषध घातलं तरी ढिम्म!"

"माझ्यासारख्याच ना त्या?"

"अगदी तुझ्याच जातीच्या," ती केक कापत म्हणाली.

झालं! ज्या गोळीला कॅन्सर भीक घालत नाही, ती मी कशाला गिळू? दुसऱ्या दिवसापासून बंद. डॉक्टरांना सांगितलं नाही, उगाच व्याख्यान झोडलं असतं.

काही महिन्यांनी पोरगी आली ती डोळे सुजवून. पेशी ज्या पाण्यात वाढवतात त्यात लाल रंग असतो, पाणी खराब झालं की तो बदलतो. पण तो रंगच पेशींना थोडा हार्मोनसारखा लागू पडतो. म्हणून अशा प्रयोगाला बिनरंगाच्या पाण्याची बाटली घ्यायची असते. हिनं ती घेतलीच नव्हती. जनुक-बिनुक काही बदललं नव्हतं. एका हातानं औषध आणि दुसऱ्या हातानं खुराक, असा बाईंचा कारभार!

"बाटली बदलली आणि पटापट मेल्या गं," ती हुंदके देत म्हणाली. "एकूण एक! माझी सगळी मेहनत मातीत गेली."

"सगळ्या मेल्या? त्याच औषधानं?" मी विचारलं. "अगं, तू केक आणलास तेव्हापासून मी गोळी घेतलेली नाही."

तिचं रडं जागच्या जागी थांबलं. मग तिनं माझा दंड धरला. "ऊठ. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे."

मी कशाबशा चपला अडकवल्या. मी मनातून घाबरले होते.

"मरतील त्या, मावशी," दाराशी ती पुटपुटली. "मरू देत मेल्या सगळ्या."

इतक्या वर्षांत हे मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला रडू फुटलं.